अडीच फुटांचे रूळ आणि तळ्यांचा मुलूख

आयर्लंडच्या ऑफली परगण्यात ब्लॅकवॉटर नावाची दलदल आहे. तिथे पर्यटकांना फिरवून आणणारी छोटी गाडी बरीच वर्षं चालली. तिथली जमीन म्हणजे पीट. पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षांत साचलेला थर. तो वाळवला की जळतो. रूळ मुळात घातले ते हे जळण ओढून न्यायला. देखावा बघायला माणसं नंतर आली.

आपल्या भंडाऱ्यात पीट नाही. पण ओली जमीन आणि अरुंद रूळ ही जोडी इथेही होती. बंगाल नागपूर रेल्वेची गोंदिया-नागभीड ही नॅरोगेज लाइन १९०८ मध्ये सुरू झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. ते वेगळं झालं १९९९ मध्ये. दोन रुळांमधलं अंतर फक्त २ फूट ६ इंच. असे रूळ तीव्र वळण घेऊ शकतात, त्यांना भराव कमी लागतो आणि खर्चही कमी येतो. जंगल, नाले आणि धानाच्या बांध्या ओलांडत जायचं, तर हा हिशेब सरळ होता.

या मुलखातलं पाणी मात्र आपोआप साचलेलं नाही. रेल्वेच्या कितीतरी आधी कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. उतार हेरून मातीची पाळ घालायची, सांडव्याचं पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत सोडायचं आणि तिथून पुन्हा शेतात. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला यातली एक गोष्ट फार आवडते: वरचा भाग भरून वाहिला, तर ते पाणी वाया जात नाही, खालच्याच्या कामी येतं. नवेगावबांध हे याच परंपरेतलं. तलावात मासे धरणारे ढिवर होते, काठावर पक्षी होते, खाली धान होतं.

मग दोन गोष्टी बदलल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जाणं न्याय्यच होतं, पण तलाव सरकारी झाले आणि पाळ दुरुस्त करणारे, गाळ काढणारे हात सुटत गेले. पुढे नव्वदच्या दशकात गोंदिया-नागभीड मार्ग ब्रॉडगेज झाला. पवनी तालुक्याच्या जवळून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये त्याच कामासाठी बंद झाली.

या दुसऱ्या बदलाबद्दल हळहळणारे बरेच भेटतात. मला तितकं वाईट वाटत नाही. नागपूरच्या दवाखान्यात किंवा कॉलेजात जाणाऱ्याला सावकाश गाडीचं कौतुक परवडत नाही. शिवाय जुनी इंजिनं नागपुरात मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नीट जपली आहेत.

तलावाची सोय अशी लावता येत नाही. तो वापरात असेल तरच तलाव राहतो. आयर्लंडमध्ये पीट काढण्यासाठी दलदली कोरड्या केल्या. २०२१ मध्ये तिथल्या सरकारी कंपनीने पीट काढणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि आता त्याच दलदलींत पुन्हा पाणी अडवण्याचं काम चालू आहे. आपल्याकडे पाणी अडवायची पाळ तयार आहे, फक्त गाळ काढायचा आहे.

पावसाळा संपता संपता गोंदियाहून वडशाकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर मोबाइल जरा खिशात ठेवा. खिडकीतून पाळ दिसली की तिच्या आत बघा: पाणी आहे, की बेशरमाची झुडपं.