तात्यांचा 'श्री' आणि मेंदूची छबी

केजच्या एका आडतीवर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षे मुनीमकी केली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढण्याचा मान त्यांचा. आडत सुटली, तरी घरच्या वहीवर तो मान राहिलाच. तीन वर्षांमागे तो 'श्री' पाहून मी चमकलो. मास्तरकी करणाऱ्याची नजर आधी अक्षरावर जाते. तात्यांचे टपोरे अक्षर आकसले होते. हिशेबाची वही चाळली, तर ओळीच्या आरंभी अक्षर मोहरीएवढे आणि शेवटी खसखशीएवढे! पुढे काही महिन्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट, जपमाळ ओढावी तसे, आपोआप हलू लागले. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना चार पावले चालवून पाहिले, ती वहीही पाहिली, आणि नाव सांगितले : कंपवात.

या रोगाला ज्याचे नाव मिळाले तो जेम्स पार्किन्सन लंडनचा साधा वैद्य. 1817 साली त्याने यावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा रोग्यांवर, आणि त्यांतले तीन तर त्याला रस्त्यात दिसलेले! माणसाच्या चालण्याकडे पाहून रोग ओळखणारी ती नजर. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो, त्या पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करतात, आणि त्या झिजू लागल्या की हालचालींची लय बिघडते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

यंदा श्रावणात माझे मेव्हणे एक पत्रक घेऊन आले. दूरच्या शहरातल्या एका सुई-उपचार केंद्राचे. त्यावर मेंदूचे करडे चित्र, मधोमध लाल-पिवळा डाग, आणि खाली लिहिलेले की, सुई टोचताच झोपलेला मेंदू जागा होतो. बैठका वीस, आणि एकंदर खर्च आमच्या सोयाबीनच्या पट्टीइतका.

"दाजी, फोटोत दिसतंय की! आता आणखी काय पुरावा पाहिजे?" मेव्हणे म्हणाले.

तात्यांनी थरथरत्या हाताने पत्रक उलटेपालटे केले आणि शांतपणे म्हणाले, "जमेची बाजू दिसतेय. नावेची बाजू कुठंय?"

ही 'नावेची बाजू' शोधण्यात माझी पुढची दोन महिन्यांची वाचनाची हौस फिटली. माझी विद्या मॅट्रिकची. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला कुठल्याही गोष्टीचा आरंभ शोधण्याची खोड असतेच.

सुईची ही विद्या चीनची, आणि तिथे दोन हजार वर्षांची. पत्रकात 'अखंड परंपरा' म्हटले होते. ते काही खरे नव्हे. 1822 साली खुद्द चिनी बादशहाने आपल्या वैद्यकशाळेतून ती हद्दपार केली होती. तिला पुन्हा राजमान्यता मिळाली ती 1949 नंतरच्या राजवटीत. आपल्याकडे ती आली त्या वाटेवर आपला एक सोलापूरकर भेटतो. 1938 च्या सप्टेंबरात मुंबईहून पाच हिंदी डॉक्टर युद्धग्रस्त चीनच्या मदतीला निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे विजयकुमार बसू होते. कोटणीस शस्त्रक्रियेचे डॉक्टर. सुईचे नव्हेत, हे सांगायला हवे, कारण हल्ली त्यांचे नाव कशालाही चिकटवतात. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते तिकडेच गेले. मागे चिनी पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा. शांतारामबापूंच्या 1946 च्या चित्रपटाने ती कहाणी घरोघर नेली. बसू मात्र परतले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि 1959 साली ती कलकत्त्याला घेऊन आले. 2019 साली आपल्या केंद्र सरकारने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यताही दिली.

अमेरिकेत तिचा गाजावाजा झाला 1971 साली. जेम्स रेस्टन नावाचा नामांकित पत्रकार पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्याने आडवा झाला; शस्त्रक्रिया नेहमीच्या रीतीनेच झाली, पण नंतरच्या वेदनेवर त्याला सुया टोचल्या, आणि त्याने ते आपल्या वर्तमानपत्रात लिहिले. मग साहजिकच प्रश्न आला, की सुई पायात टोचली तर डोक्यात काय होते?

ते पाहायचे साधन 1990 च्या सुमारास हाती आले. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखविले की, प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त चुंबकापुढे वेगवेगळे वागते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजे रक्त धावते. यंत्र तेवढा फरक टिपते. तेव्हा पत्रकातला तो लाल डाग म्हणजे दिव्यासारखा पेटलेला मेंदू नव्हे. सुई असतानाच्या आकड्यांतून सुई नसतानाचे आकडे वजा करायचे आणि उरलेल्या बाकीला यंत्राने रंग द्यायचा, असा तो प्रकार. तात्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे ताळेबंदच की!"

आणि ताळेबंदात चूक राहू शकते. 1998 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी जाहीर केले की, पायाच्या करंगळीजवळ, डोळ्यांसाठी म्हणून सांगितलेल्या जागी सुई टोचली, तर मेंदूतला दृष्टीचाच भाग उजळतो. केवढा बोलबाला झाला! 2006 साली त्यांतल्याच मुख्य मंडळींनी तो निष्कर्ष मागे घेतला. मला त्यांचा राग येत नाही, उलट आदर वाटतो. छापलेले शब्द परत घेणे किती जड जाते ते लेखकाला विचारा. त्याहून गमतीची गोष्ट 2009 ची. एका संशोधकाने बाजारातला मेलेला मासा त्या यंत्रात ठेवला आणि त्याला रीतसर माणसांची छायाचित्रे दाखविली. हिशेबातली एक आवश्यक दुरुस्ती गाळली, तर मेलेल्या माशाचा मेंदूही उजळलेला दिसला! आमच्या घरी या गोष्टीवर सगळे पोट धरून हसले, मेव्हणेसुद्धा.

पण म्हणून सारे थोतांड म्हणावे असेही नाही. 2009 सालीच दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी कंपवाताच्या रोग्यांना गुडघ्याखाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचून छबी घेतली. फसव्या सुईच्या तुलनेत खऱ्या सुईने हालचालींशी संबंधित भाग अधिक उजळले. रोगी मात्र मोजके. शिवाय ज्याचे अंग थरथरते त्यालाच त्या नळीत निश्चल पडायला सांगायचे, आणि डोके जरा हलले की छबी बिघडते. काम किती नाजूक असेल!

माझे खरे लक्ष वेधले ते कॅनडातल्या व्हँकूवरच्या प्रयोगाने. साल 2001. तिथे कंपवाताच्या रोग्यांना औषध म्हणून औषध नसलेलेच काहीतरी दिले. दुसऱ्या एका यंत्राने मेंदू पाहिला, तर आशेच्या बळावर तिथे खरेखुरे डोपामाइन पाझरलेले! ज्याची वाण, तेच. 2015 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात बारा रोग्यांना मिठाचेच पाणी टोचले. एकदा स्वस्त औषध म्हणून आणि एकदा महाग म्हणून. 'महाग' पाण्याने हालचाल अधिक सुधारली.

ही गोष्ट मी तात्यांना सांगावी की नाही, यावर मी चार दिवस घुटमळलो. आशेनेच द्रव्य पाझरत असेल, तर ती मोडणारा मी कोण? आणि त्या आशेची किंमत सोयाबीनची अख्खी पट्टी असेल, तर ती मोजू देणारा तरी मी कोण? शेवटी सांगितली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवले, त्याच्यापासून त्याचा स्वतःचा लपवणे जमले नाही.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरांना विचार." विचारले. डॉक्टर म्हणाले, हवी तर सुई टोचून घ्या, चांगल्या जाणकाराकडून, स्वच्छ सुईने. पण गोळ्यांची वेळ एक दिवस चुकवू नका, आणि वीस बैठकांचे पैसे आधी देऊ नका.

पत्रक अजून चोपडीत घडी करून ठेवलेले आहे. भाऊबीजेला मेव्हणे आले की वाद पुन्हा होईलच. दरम्यान डॉक्टरांनीच सांगितल्यावरून मी बाजारातून पहिलीच्या पोरांची दुरेघी वही आणली. दोन रेघांच्या मध्ये लिहायचे म्हटले की तात्यांचे अक्षर आकसत नाही. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने ते ओसरीवर बसतात, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत रोज एक पान 'श्री' काढतात.