सैकल, शिकल, शिकलगार

शिकलगार हे आडनाव सांगली-साताऱ्याकडच्या मुसलमानांत सर्रास भेटतं. आमच्या राळेगावात तोच माणूस नुसता ‘धारवाला’. बकरी ईदच्या आठवड्यात त्याच्याकडे सुऱ्यांचा ढीग पडतो. सुरी धारदार असावी, जनावराचे हाल होऊ नयेत, त्याच्या डोळ्यांसमोर धार लावू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पण सुरी आणि मुसलमान हे दोन शब्द शेजारी आले की हल्ली ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. म्हणून ही गोष्ट सांगाविशी वाटली.

‘सैकल’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. अर्थ घासून आणलेली झिलई. उर्दू गझलेत तो आरशाला लागतो, कारण जुने आरसे पोलादाचे असत. सैकलगरचा मराठीत शिकलगार झाला. पोलाद, म्यान, खंजीर, चाकू, पेशकब्ज हे शब्दही फारसीच्या वाटेने आले. कट्यार नि सुरी इथल्या.

शब्द तिकडून इकडे आले, पोलाद मात्र इकडून तिकडे गेलं! आमच्या तालुक्यातल्या वडकीवरून नागपूर-हैदराबाद रस्ता जातो. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, मग निर्मल, पुढे निजामाबाद जिल्हा. तिथल्या कोनासमुद्रम गावी लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत वितळवत आणि सावकाश थंड होऊ देत. निघायची ती पोलादाची वडी. १८२० च्या सुमारास हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाला तिथे इस्फहानचा व्यापारी भेटला. तो या वड्या न्यायलाच आला होता. इंग्रज या पोलादाला वूट्झ म्हणत. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडेने १८१९ मध्ये त्याचं पृथक्करण छापलं.

वडी ठोकताना आच जरा जास्त झाली की तिच्यातली नक्षी मरते. त्या नक्षीला ‘जौहर’ म्हणतात. जवाहिर त्याच घरचा शब्द. ठोकून झालेल्या पात्यावर ती दिसत नाही. शिकलगार पातं घासघासून गुळगुळीत करतो, हिराकसाचं पाणी फिरवतो, तेव्हा पाण्यावरच्या लाटांसारखा जौहर वर येतो. लोहाराने आत ठेवलेलं बाहेर काढणारा तो.

१६२१ मध्ये जालंधरजवळ उल्का पडली. जहांगीरने तिच्या लोखंडात साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी करवून घेतली. ती सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. कारागीर उस्ताद दाऊद, हे नाव बादशहाने आठवणींत लिहिलं म्हणून कळलं. झिलई चढवणाऱ्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. संग्रहालयातल्या पाट्यांवर मूठ जेडची की हस्तिदंती, मालक कोण, हे मी वाचलंय. शिकलगाराचं नाव मला अजून एकाही पाटीवर दिसलं नाही.

पुढे स्वस्त विलायती पोलाद आलं, १८७८ चा शस्त्रकायदा आला, आणि खंजिरांचा शिकलगार कात्र्या-विळ्यांवर आला. दमास्कस म्हणून आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्या वेगवेगळ्या पोलादाचे थर जोडून केलेल्या असतात. त्या सुंदर असतील, पण जौहर तो नव्हे.

घरात आजोबांची जुनी सुरी असेल तर ती भंगारात देऊ नका, आणि पॉलिश पेपरने चमकवूही नका. जौहर असलाच तर एका दुपारीत पुसला जाईल. हलकं तेल लावून सुती कापडात गुंडाळा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.