युद्धस्मृतिस्थळे व सैनिकी मानवंदना

युद्धात अथवा सैनिकी सेवेत मृत्यू आलेल्या सैनिकांना त्यांच्या दफनभूमीवर, स्मारकापुढे किंवा अंत्यसंस्कारप्रसंगी सशस्त्र पथकाकडून दिला जाणारा औपचारिक सन्मान म्हणजे सैनिकी मानवंदना. पथक कोणापुढे उभे राहते, हा या विधीतील महत्त्वाचा प्रश्न होय. कबर, कोरलेले नाव, ज्योत किंवा चिता यांपैकी काहीतरी पुढे असल्याखेरीज मानवंदना संभवत नाही. त्यामुळे या विधीचा इतिहास हा बऱ्याच अंशी सैनिकाचे नाव कोठे व कसे जपले गेले, याचा इतिहास आहे. महाराष्ट्रात या इतिहासाचे बहुतेक टप्पे पाहावयास मिळतात.

पूर्वपरंपरा : लढाईत किंवा गावाचे व गोधनाचे रक्षण करताना मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ वीरगळ उभारण्याची प्रथा महाराष्ट्रात मध्ययुगात रूढ होती. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाईचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर, अशी शिल्परचना सामान्यतः आढळते. माथ्यावरील चंद्रसूर्य ही कीर्तीच्या चिरंतनत्वाची खूण होय. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये आहेत. पुष्कळशा वीरगळांवर लेख नसतो. वीराचे नाव गावाच्या स्मरणात राहते आणि पिढ्या लोटल्यावर ते पुसले जाऊन दगड तेवढा पूजेत उरतो.

नावांची नोंद करणारे आरंभीचे ठळक उदाहरण म्हणजे भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथील जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांच्यात लढाई झाली. तिच्या स्मरणार्थ १८२१ मध्ये स्तंभाचे बांधकाम सुरू झाले. त्यावर कंपनीच्या बाजूने मरण पावलेल्या ४९ जणांची नावे असून त्यांत २२ महार शिपाई आहेत. साध्या शिपायांची नावे दगडावर कोरली जाणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला भेट दिली. तेव्हापासून हे स्थळ दलित समाजाच्या आत्मसन्मानाचे प्रतीक बनले. याच युद्धाच्या अखेरीस, १७ एप्रिल १८१८ रोजी, आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला. जेत्यांनी उभारलेल्या स्तंभावर पराभूतांच्या नावांना स्थान नसते, हेही या संदर्भात लक्षात घ्यावयास हवे.

विधीचे स्वरूप : भारतीय सेनेत आज रूढ असलेला विधी ब्रिटिश लष्करी परंपरेतून आलेला आहे. प्रथम स्मारकावर किंवा शवपेटीवर पुष्पचक्र वाहिले जाते. ‘सलामी शस्त्र’ या आज्ञेवर पथक मानवंदना देते. त्यानंतर ‘शोक शस्त्र’ या आज्ञेवर बंदुकीची नळी जमिनीकडे वळवून, दस्त्यावर हात ठेवून सैनिक मान खाली घालतात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ची धून वाजते व मौन पाळले जाते. त्यानंतर ‘राउझ’ ही जागृतीची धून वाजते. अंत्यसंस्कारप्रसंगी हवेत बंदुकीच्या फैरीही झाडल्या जातात. ‘लास्ट पोस्ट’ हा मुळात छावणीच्या दिनक्रमातील इशारा होता. रात्री पहाऱ्याच्या सर्व चौक्यांची तपासणी संपून अखेरची चौकी पाहून झाली, की तो वाजविला जाई. दिवंगत सैनिकाचा पहारा संपला, त्याने आता विश्रांती घ्यावी, असा अर्थ त्याला पुढे प्राप्त झाला. दोन मिनिटे मौन पाळण्याची प्रथा पहिल्या महायुद्धानंतर, ११ नोव्हेंबर १९१९ पासून ब्रिटिश साम्राज्यात सुरू झाली.

बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन गेट या स्मारकापाशी २ जुलै १९२८ पासून दररोज रात्री आठ वाजता ‘लास्ट पोस्ट’ वाजविली जाते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अंमलात हा विधी तेथे बंद होता. त्या काळात तो इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील सैनिकी दफनभूमीत चालू ठेवण्यात आला. या स्मारकावरील चोपन्न हजारांहून अधिक नावांत चारशेहून अधिक नावे भारतीय सैनिकांची आहेत.

खडकी येथील दफनभूमी : पहिल्या महायुद्धातील प्रचंड मनुष्यहानीमुळे २१ मे १९१७ रोजी इम्पीरिअल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची स्थापना झाली. १९६० पासून ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखले जाते. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद न करता प्रत्येक मृताचे नावानिशी व समान रीतीने स्मारक करावयाचे, हे या संस्थेचे घोषित तत्त्व होय. त्यानुसार जनरल व शिपाई यांच्या शिळा एकाच आकाराच्या असतात. पुण्याजवळ खडकी येथील युद्ध-दफनभूमी या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायम निगा राखणे शक्य नव्हते, त्या येथे हलविण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक कबरी येथे आहेत. पहिल्या महायुद्धकाळात भारतात मरण पावलेल्या व इतरत्र पुरलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावेही एका स्वतंत्र स्मारकावर येथे कोरलेली आहेत.

कबर नसलेले सैनिक : हिंदू व शीख सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांची कबर नसते. त्यांच्यासाठी नाव हेच स्मारक ठरते. इंग्लंडमधील ब्रायटनजवळ ज्या ठिकाणी ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले, तेथे उभारलेल्या छत्रीचे अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकाचे अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत.

समानतेचे तत्त्व सर्वत्र पाळले मात्र गेले नाही. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातील कुत अल् अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून चाललेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. उपासमार, रोगराई आणि नंतरचा बंदिवास यांत असंख्य सैनिक दगावले. या आघाडीवरील मृतांसाठी बसरा येथे उभारलेल्या स्मारकाचे अनावरण १९२९ मध्ये झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. कोरेगावच्या स्तंभावर शंभर वर्षांपूर्वी शिपायाला जे मिळाले होते, ते बसऱ्याच्या भिंतीवर त्याला नाकारले गेले. कमिशनने नेमलेल्या समितीच्या एप्रिल २०२१ मधील अहवालाने हा भेदभाव मान्य केला. पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार भारतीय, आफ्रिकी व अन्य मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, तर किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावेच नोंदली गेली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. याबद्दल ब्रिटिश शासनाने व कमिशनने क्षमायाचना केली.

दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे (रायगड जिल्हा, माणगाव तालुका) १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मरण पावले. त्यांची कबर नाही. कासीनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. ते जेथे लढले त्या परिसरातील माँतोने या गावी जुलै २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळ : नवी दिल्लीतील इंडिया गेटखाली २६ जानेवारी १९७२ रोजी अमर जवान ज्योत प्रज्वलित झाली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथे राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्‌घाटन झाले व २१ जानेवारी २०२२ रोजी जुनी ज्योत नव्या ज्योतीत विलीन करण्यात आली. या स्मारकाच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. पुण्यात लोकवर्गणीतून उभारलेले युद्धस्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले.

१९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत बहुतेक मृतांवर रणभूमीच्या परिसरातच अंत्यसंस्कार झाले. १९९९ च्या कारगिल युद्धापासून पार्थिव मूळ गावी पाठविण्याची पद्धत सार्वत्रिक झाली आणि त्याबरोबर मानवंदनेचे स्थानही बदलले. यवतमाळ जिल्ह्यात कामठीसारखी जुनी छावणी नाही वा खडकीसारखी युद्ध-दफनभूमीही नाही. तथापि १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरी येथील हल्ल्यात मृत्यू आलेल्या सैनिकांत जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील एक शिपाई होता. अशा प्रसंगी मानवंदनेचे पथकच गावी येते आणि गावची स्मशानभूमी तेवढ्या वेळेपुरती सैनिकी स्मृतिस्थळ बनते. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज चितेवर ठेवता येत नाही. अग्नी देण्यापूर्वी तो काढून घेतला जातो व घडी करून कुटुंबीयांच्या स्वाधीन केला जातो. बसऱ्याच्या भिंतीवर केवळ संख्या म्हणून उरलेल्या शिपायाच्या घरी अशी कोणतीही खूण पोहोचली नव्हती. गावातील या विधीचे महत्त्व त्यामुळे केवळ औपचारिक राहत नाही. सैनिकाचे नाव त्याला ओळखणाऱ्या माणसांसमोर उच्चारले जाते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.