दृष्टांत : ऐकावयाचा आणि वाचावयाचा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे चक्रधरांच्या परिभ्रमणातील एक स्थान होय. यादव राजा कान्हरदेव याच्याशी त्यांची भेट येथे झाल्याचे लीळाचरित्र सांगते. देवळांनी गजबजलेल्या अशा क्षेत्रांतून हिंडत, देवतांच्या उपासनेने मोक्ष नाही असे सांगणारा हा पुरुष आपले म्हणणे अनेकदा एखाद्या लहानशा गोष्टीतून मांडी. श्रोते प्रौढ असत. त्यांत स्त्रियाही पुष्कळ.

आंधळे आणि हत्ती यांचाच दृष्टांत घ्यावा. ज्याच्या हाती जो अवयव लागला, तेवढाच त्याला हत्ती वाटला. शालेय पुस्तकांत ही गोष्ट अगदी निरुपद्रवी झाली आहे. परंतु आपापल्या दैवतालाच परमेश्वर मानणाऱ्या श्रोत्यांना ती डिवचणारीच होती.

म्हाइंभटाने ऐकणाऱ्यांकडून लीळा जमविल्या. केशिराजबासाने दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत निवडून प्रत्येकास आपले दार्ष्टान्तिक जोडले. लीळेत कोणी, कोठे, कशावरून विचारले हे टिकते. दृष्टांतपाठात प्रसंग गळतो आणि गोष्टीमागोमाग तिचा अर्थ बांधून येतो. डिवचणे तेथे बरेचसे बोथट होते, असे माझे मत आहे. केशिराजांस याबद्दल दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. संस्कृतात लिहिल्यास आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, ही नागदेवाचार्यांची हरकत प्रसिद्धच आहे. तेव्हा लेखनातही डोळ्यांपुढे होता तो श्रोताच. पुढे लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा स्मरणातून पाठ सिद्ध करावे लागले. त्यांपैकी एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो.