पाटी आणि वही : पेनड्राइव्हवरच्या संगणकाचा इतिहास

आजचा विषय तसा खिशात मावणारा आहे. एका पेनड्राइव्हवर आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, ती कुठल्याही संगणकाला लावून संगणक त्यावरूनच सुरू करायचा, आणि केलेलं काम पुन्हा त्याच पेनड्राइव्हवर टिकून राहायचं. आज ही सोय अर्ध्या-पाऊण तासात कुणालाही करता येते. पण यातला शेवटचा भाग, म्हणजे काम टिकून राहणं, सगळ्यात उशिरा आला आणि त्याच्यासाठीच सगळ्यात जास्त डोकं लढवावं लागलं. आज आपण त्या भागाचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात थोडी मागून करू. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्यात हार्ड डिस्क नव्हती. डॉसची फ्लॉपी घालायची, संगणक सुरू करायचा, आणि आपल्या फायलीही फ्लॉपीवरच ठेवायच्या. काम संपलं की फ्लॉपी पाकिटात घालून घरी न्यायची. म्हणजे बघा, तुमची सिस्टिम आणि तुमचं काम, दोन्ही तुमच्या हातात आणि यंत्र मात्र कुणाचंही. पुढे १९८३ साली पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. सोय झाली, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून सिस्टिम आणि काम दोन्ही पेटीच्या आत गेलं. ज्याची पेटी, त्याची आठवण. ज्याच्याकडे स्वतःची पेटी नाही, त्याचं काय? हा प्रश्न आजच्या सगळ्या कहाणीच्या मुळाशी आहे, तेवढा लक्षात ठेवा.

आता सीडीकडे येऊ. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत इग्ड्रासिल नावाचं लिनक्स वितरण निघालं. ते हार्ड डिस्कवर न उतरवता थेट सीडीवरून चालवता यायचं. मात्र त्या काळचे संगणक सीडीवरून आपोआप सुरू होत नव्हते, त्यामुळे सोबत बूट फ्लॉपी लागायची, आणि वेग म्हणाल तर बैलगाडीचा. सीडीवरून बूट करण्याची एल टोरिटो ही सर्वमान्य पद्धत १९९५ साली ठरली, तेव्हा फ्लॉपीची अडचण संपली.

खरा बदल झाला तो २००० साली. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी डेबियनवर आधारित 'नॉपिक्स' आणलं. सीडीची जागा साधारण ७०० मेगाबाइट, पण त्यांनी फायली दाबून बसवल्या आणि वाचताना तिथल्या तिथे उलगडायची व्यवस्था केली. त्यामुळे एका सीडीत जवळपास दोन गिगाबाइटचा ऐवज मावला. शिवाय समोर कुठलं ग्राफिक्स कार्ड आहे, कुठलं साउंड कार्ड आहे, हे नॉपिक्स स्वतःच ओळखायचं. सीडी घाला, दोन मिनिटं थांबा, समोर चालतं लिनक्स. आपल्याकडेही त्या सुमारास पीसीक्वेस्ट, लिनक्स फॉर यू अशा मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, आणि ज्यांना गिगाबाइटभर डाउनलोड करणं परवडत नव्हतं त्यांना लिनक्स भेटलं ते असंच.

पण नॉपिक्सच्या सीडीवर लिहिता येत नव्हतं. तुम्ही जे काही कराल ते रॅममध्ये. संगणक बंद केला की सगळं पुसलं. म्हणून मी याला पाटी म्हणतो. पाटीचे फायदे आहेत बरं का! व्हायरस लागला तरी उद्या सकाळी पाटी कोरी. शंभर मुलांनी एकच संगणक वापरला तरी कुणी काही बिघडवू शकत नाही. बिघडलेल्या संगणकातल्या फायली बाहेर काढायला तर नॉपिक्ससारखं साधन नव्हतं. पण पाटीवर लिहिलेला निबंध दुसऱ्या दिवशी पुढे लिहिता येत नाही. त्याला वही लागते.

वही आली कुठून? वर्ष २०००च. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राइव्ह आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला, आयबीएमने विकलेला डिस्कऑनकी, दोन्ही त्याच वर्षी बाजारात आले. डिस्कऑनकीची जागा किती? ८ मेगाबाइट! आज फोनमधला एखादा फोटो त्यात जेमतेम मावेल. म्हणजे सिस्टिम पेनड्राइव्हवर टाकायचा प्रश्नच नव्हता. पण एक जोडी जमली: सिस्टिम सीडीवर आणि स्वतःच्या फायली पेनड्राइव्हवर. नॉपिक्सने सुरुवातीच्या काही वर्षांतच तशी सोय दिली. तुमचं होम फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि सुरू करताना सिस्टिमला ते शोधायला सांगा.

आता इथे एक तांत्रिक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फायली टिकल्या, पण नवीन प्रोग्राम टाकला तर? मराठी फॉन्ट बसवला तर? ते तर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जातं, आणि तो भाग सीडीवर, शिक्कामोर्तब झालेला. मग यावर काय उपाय?

समजा, तुमच्याकडे महाराष्ट्राचा छापील नकाशा आहे आणि त्यावर लिहायची मनाई आहे. तुम्ही वर पारदर्शक कागद ठेवता आणि त्यावर लिहिता. वरून बघणाऱ्याला नकाशा आणि तुमच्या खुणा एकत्रच दिसतात. एखादं गाव चुकीचं छापलंय? कागदावर त्याच्याच वर दुरुस्त नाव लिहा. एखादं गाव नकोच आहे? त्या जागी कागदावर पांढरा ठिपका द्या, खालचं दिसणार नाही. फाइल सिस्टिममध्ये नेमकं हेच करतात. खाली न बदलणारा थर, वर लिहिता येणारा थर. खालची फाइल बदलायची झाली की आधी तिची प्रत वरच्या थरात येते आणि बदल त्या प्रतीत होतो. पुसायची झाली तर वर नुसती 'ही नाही' अशी खूण राहते.

ही कल्पना जुनीच, बेल लॅब्जच्या प्लॅन नाइनमध्ये तिचा एक प्रकार होता. लिनक्ससाठी न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एरेझ झॅडॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी युनियनएफएस तयार केलं. नॉपिक्सने २००५ मध्ये ३.८ या आवृत्तीत ते वापरलं, आणि न लिहिता येणाऱ्या सीडीवर जणू लिहिता येऊ लागलं. पुढे जपानच्या जुंजिरो ओकाजिमा यांचं एयूएफएस आलं. गंमत म्हणजे ही दोन्ही कामं लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये कधीच घेतली गेली नाहीत. शेवटी मिक्लोश सेरेदी यांचं ओव्हरलेएफएस डिसेंबर २०१४ मध्ये कर्नेल ३.१८ बरोबर आत आलं. पारदर्शक कागदाची एवढी साधी कल्पना, पण मुख्य दरवाज्यातून आत यायला तिला दहा वर्षं लागली.

दरम्यान पेनड्राइव्ह मोठे आणि स्वस्त होत गेले, आणि सीडी मागे पडली. आता नकाशा आणि पारदर्शक कागद दोन्ही एकाच पेनड्राइव्हवर. पण वही कशी ठेवायची याबद्दल प्रत्येक घराण्याची गायकी वेगळी.

ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये पपी लिनक्स काढलं. ते सगळं रॅममध्ये चढतं आणि बंद करताना विचारतं, आजचं काम जपून ठेवू का? फ्लॅश मेमरीवर पुन्हापुन्हा लिहिल्याने ती झिजते, म्हणून पपी सतत न लिहिता अधूनमधून एकदम लिहितं. उबुंटूने कॅस्पर-आरडब्ल्यू नावाची एक फाइल किंवा विभाग ठरवला, वरचा थर त्यात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर एक फाइल चार गिगाबाइटच्या वर जात नाही, म्हणून कित्येकांच्या वह्या चार गिगाबाइटला अडल्या. डेबियनने सांगितलं, 'पर्सिस्टन्स' नावाचा विभाग करा आणि काय काय टिकवायचं ते त्यातल्या एका छोट्या फायलीत लिहा.

फेडोराने मे २००८ मध्ये नवव्या आवृत्तीत वेगळा मार्ग धरला. तिथे फायलींऐवजी डिस्कच्या ठोकळ्यांची नोंद व्हायची. बदललेला प्रत्येक ठोकळा नव्या जागेत लिहायचा, आणि फाइल पुसली तरी ती जागा परत मिळायची नाही. म्हणजे वहीची पानं फक्त संपत जाणार. वही भरली की नवं काही लिहिणं बंद, आणि पुढे सिस्टिमही अडखळणार.

हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण याचा संबंध मुलांशी आला. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' ही योजना तुम्हाला आठवत असेल. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेतही २००७ मध्ये ते छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यातल्या शुगर या प्रणालीचं काम पुढे शुगर लॅब्जने हाती घेतलं आणि २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' काढलं. विचार असा की प्रत्येक मुलाला लॅपटॉप देणं परवडत नसेल तर पेनड्राइव्ह तरी द्या. शाळेतला जुना संगणक पाचजणांनी वापरला तरी प्रत्येकाचं जर्नल, म्हणजे चित्रं, गोष्टी, गणितं, त्याच्या खिशात. विचार उत्तम. पण पाया फेडोराचा, म्हणजे तीच भरत जाणारी वही. आठवण टिकवायची म्हटली की ती कुठे आणि किती, हे असं आधीच ठरवावं लागतं.

दुसऱ्या टोकाला आहे टेल्स. २००९ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीच्या नावातच विस्मरण आहे. पत्रकार, कार्यकर्ते, ज्यांच्यावर पाळत असते अशा लोकांसाठी ती बनवलेली, म्हणून संगणक बंद केला की मागे खूण राहू नये हा तिचा पहिला नियम. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रं हाताळणाऱ्या पत्रकारांनी ती वापरली होती. पण पत्रकारालाही आपल्या चाव्या आणि मसुदे ठेवावेच लागतात. म्हणून २०१२ मध्ये टेल्सनेही वही आणली, मात्र कुलूपबंद. हा विभाग सांकेतिक केलेला असतो, सुरू करताना परवलीचा शब्द द्यावा लागतो, आणि काय जपायचं ते एकेक करून तुम्हीच निवडायचं. न निवडलेलं सगळं पुसलं जातं.

मोठ्या कंपन्यांनीही प्रयत्न केला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बरोबर 'विंडोज टू गो' आणलं, मुख्यतः मोठ्या संस्थांसाठी, आणि २०२० मध्ये बंदही करून टाकलं. ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही अशांसाठी ते कधी नव्हतंच.

आता कुणी विचारेल, हे आज करायचं कसं? थोडक्यात सांगतो. सिस्टिमची आयएसओ फाइल उतरवून घ्या आणि तिची बेरीज-पडताळणी करा. विंडोजवर रुफस वापरलं तर त्यात टिकाऊ विभागासाठी किती जागा ठेवायची ते सरकपट्टीवर ठरवता येतं. मात्र ही सोय उबुंटू, डेबियन अशा ठरावीक प्रणालींनाच लागू होते. डीडी या आज्ञेने आयएसओ जशीच्या तशी उतरवली तर उरलेली जागा रिकामी राहते, तिथे वेगळा विभाग करून त्याला त्या प्रणालीने ठरवलेलं नाव द्यावं लागतं. आणि डीडी चालवण्याआधी कुठल्या डिस्कवर लिहितोय ते दोनदा बघा. ती आज्ञा काही विचारत नाही, थेट लिहिते.

एकदोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सायबर कॅफेत असा पेनड्राइव्ह वापरला तर आपण सुरक्षित का?)

अर्धे. त्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरचा व्हायरस तुमच्यापर्यंत सहसा येत नाही, कारण तिथली सिस्टिम सुरूच झालेली नसते. पण कीबोर्डच्या वायरीत कुणी नोंद घेणारं उपकरण बसवलं असेल तर त्याला तुमचा पेनड्राइव्ह थांबवू शकत नाही. आणि कुलूप नसलेली वही रिक्षात राहिली, तर ज्याला सापडली तो वाचणार.

(प्रश्न : मग सगळं क्लाउडवर का ठेवू नये?)

ठेवा की, पण आज सांगितलेल्या इतिहासात क्लाउड कुठे बसतो ते बघा. पेटीतली आठवण पेटीवाल्याची होती, क्लाउडवरची सर्व्हरवाल्याच्या ताब्यात आहे. खातं बंद झालं, नेट गेलं, की वही तुमच्या हातात नाही. पेनड्राइव्ह हरवतो, झिजतो, त्यामुळे त्याची दुसरी प्रत घरी हवीच. पण काय लिहायचं, काय पुसायचं आणि कुणाला दाखवायचं, हे तिथे तुम्ही ठरवता. ज्या मुलाला शाळेतल्या संगणकावर आठवड्यातून एक तास मिळतो, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

वेळ झाली आहे, थांबतो.