वास गेला म्हणजे गॅस गेला का? गॅस डिटेक्टरचा थोडा इतिहास

"डॉक्टर, आधी खूप वास येत होता, मग यायचा बंद झाला. म्हणजे गॅस गेला ना?"

खारघरमध्ये प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला बऱ्याचदा ऐकायला मिळतो. विचारणारा कधी तळोजा एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगार असतो, तर कधी रात्री उग्र वासाने जाग आलेल्या आजी. माझे उत्तर एकच असते: तसे धरून चालू नका.

हायड्रोजन सल्फाइडचेच बघा. अगदी थोडा असला तरी त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात 100 भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांतच नाक बधिर होते. वास जातो, विष मात्र तिथेच असते. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

पूर्वी हवा तपासायला बऱ्याचदा शरीराचाच आधार घ्यावा लागे. 1890च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश डॉक्टरांनी कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम स्वतःवर तपासला आणि खाणीत छोटे प्राणी नेण्याचा सल्ला दिला. त्यातून पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी खाणीत गेला. त्याचा श्वास जलद, त्यामुळे माणसाआधी तो कोसळायचा. ब्रिटनच्या खाणींतून तो 1986 साली निवृत्त झाला! दरम्यान 1920च्या दशकात अमेरिकेत ऑलिव्हर जॉन्सन यांनी तेलाच्या टाक्यांसाठी ज्वालाग्राही वायू ओळखणारे यंत्र बनवले होते.

यंत्र आले, तरी सवय सुटली नाही. 2 डिसेंबर 1984च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती ओळखायची तिथली नेहमीची खूण हीच होती. चहा झाल्यावर बघू, असे ठरले. चहा झाला तेव्हा टाकीतला दाब हाताबाहेर गेला होता. हजारो माणसे गेली.

त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. कामाच्या जागी हवेत कोणते रसायन किती चालेल, याच्या मर्यादा कायद्यात आल्या. हायड्रोजन सल्फाइडसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा ठरली दशलक्षात 10 भाग. एवढे बारीक मोजणे नाकाचे काम नाही.

आपल्या रायगड जिल्ह्यानेही किंमत मोजली आहे. नोव्हेंबर 1990 मध्ये नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात गळलेल्या हायड्रोकार्बन वायूचा भडका उडाला आणि तीसहून अधिक जण गेले. घरच्या सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. मुळात इथेन, प्रोपेन यांना जवळपास वास नसतोच.

म्हणून कारखान्यात स्थिर डिटेक्टर बसवतात. क्लोरीन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा सेन्सर जमिनीजवळ. अमोनिया हलका, म्हणून त्याचा वर. वायू पेट घेण्याइतका साठण्याच्या खूप आधी भोंगा वाजतो आणि कंट्रोल रूमला कळते.

पण हा पहारेकरी आपली जागा सोडत नाही. 14 जुलै 2010 रोजी शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि कितीतरी लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. जिथे धोका आहे हेच विसरले जाते, तिथे डिटेक्टर कोण बसवणार? शिवाय सेन्सर झिजतो. ठराविक काळाने खरा गॅस देऊन तो तपासावा लागतो. भोंगा "उगाच वाजतो" म्हणून बंद केला, तर आपण पुन्हा कॅनरीच्या जागी!

कामगार मित्रांनो, आपल्या विभागातल्या डिटेक्टरची शेवटची तपासणी कधी झाली, हे जरूर विचारा. धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने दिला आहे. भोंगा वाजला की वाऱ्याला आडवे निघा आणि बाहेर पडा. कोसळलेल्या सहकाऱ्याला काढायला श्वसनयंत्राशिवाय आत धावू नका. अशाने एकाचे दोन बळी जातात.

आणि गॅस लागल्यावर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. काही वायूंचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी दिसतो. दम लागला, छाती भरल्यासारखी वाटली तर सकाळची वाट बघू नका.