डिस्लेक्सिया आणि मराठी वाचन-लेखन शिक्षण

डिस्लेक्सिया हा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार आहे. बुद्धिमत्ता, दृष्टी व श्रवण सामान्य असूनही आणि पुरेसे शिक्षण मिळूनही अचूक व ओघवते वाचन आणि शुद्धलेखन साधण्यात सातत्याने अडचण येणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. ही अवस्था मज्जासंस्थेच्या जडणघडणीशी निगडित असून पुष्कळदा आनुवंशिक असते. ती औषधाने दूर होत नाही, मात्र योग्य अध्यापनाने वाचन निश्चितपणे सुधारते. प्रस्तुत लेखात मराठीतील अध्यापनाचा, विशेषतः सोलापूरसारख्या बहुभाषिक जिल्ह्याच्या संदर्भात, विचार केला आहे.

पार्श्वभूमी

'डिस्लेक्सिया' ही संज्ञा जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. 1896 मध्ये ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या हुशार मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला स्वतःचे नावही बिनचूक लिहिता येत नसे. अमेरिकेत 1930 च्या दशकात सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी डोळे, कान व हात यांचा एकत्रित वापर करणारी बहुसंवेदी अध्यापनपद्धती विकसित केली. आजच्या बहुतेक उपचारात्मक पद्धतींचे मूळ तीत आहे.

भारतात शालेय परीक्षांतील सवलतींना औपचारिक मान्यता देण्यात महाराष्ट्र अग्रेसर राहिला. राज्य शासनाने 1996 मध्ये तसा निर्णय घेतला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. 2007 मधील 'तारे जमीन पर' या हिंदी चित्रपटाने हा शब्द घरोघरी पोहोचवला. अक्षरे डोळ्यांपुढे नाचतात, हा समजही त्याच सुमारास पसरला. प्रत्यक्षात बहुसंख्य मुलांची मूळ अडचण शब्दातील ध्वनी सुटे करून ओळखण्याची असते.

देवनागरीतील अडचणी

इंग्रजीच्या तुलनेत मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बराच नियमित आहे. त्यामुळे मराठी माध्यमातील डिस्लेक्सिया अनेकदा चुकांपेक्षा मंद, अडखळत्या वाचनातून दिसतो. मूल 'क-र-व-त' अशी चारही अक्षरे बरोबर उच्चारते, पण त्यांतून 'कर-वत' हा शब्द जुळवू शकत नाही.

बाराखडी हे पारंपरिक साधन येथे फसवे ठरू शकते. तालावर म्हटलेली बाराखडी पाठ होते आणि मूल वाचते आहे असे वाटते. मधलाच 'गू' किंवा 'पै' दाखवल्यावर खरी स्थिती कळते. 'ग, म, भ, न' हा आकारसाम्यावर आधारलेला परिचित क्रम बहुतेक मुलांना सोयीचा असतो. मात्र डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची 'म' व 'भ' यांत गल्लत होत असल्यास या दोन अक्षरांच्या ओळखीत काही आठवड्यांचे अंतर ठेवणे हिताचे असते. 'घ-ध', 'प-ष', 'थ-य' या जोड्यांनाही हेच लागू पडते.

ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, पण नंतर उच्चारली जाते. 'र' हे अक्षर तर 'धर्म', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'दऱ्या' या शब्दांत चार वेगवेगळी रूपे घेते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक मुलाने आधी कानाने ओळखावा आणि मग लिहावा. 'चाक' व 'चंद्र' यांतील 'च' चे उच्चार भिन्न असले, तरी चिन्ह एकच आहे.

अध्यापन

एका वेळी एकच घटक, रोज थोडा वेळ आणि भरपूर पुनरावृत्ती, हे सूत्र सर्वमान्य आहे. शब्द टाळ्यांनी तोडणे, 'का' म्हणजे 'क्' अधिक 'आ' अशी फोड करणे, नंतर ध्वनी उच्चारत अक्षर गिरवणे असा क्रम असतो. जुन्या शाळांतील धूळपाटी या कामी आजही उत्तम साधन आहे, आणि तिला खर्चही येत नाही.

शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सर्वांत बिकट असतो. प्रचलित मराठी उच्चारात हा भेद पुष्कळदा स्पष्ट राहत नाही, त्यामुळे 'नीट ऐकून लिही' ही सूचना निरुपयोगी ठरते. अशा वेळी 1962 च्या शुद्धलेखन नियमांतील मोजके नियम शब्दकुलांतून शिकवावेत: मूल-मुलाला, फूल-फुलाला, सूत-सुताला. 'कवी' पण 'कविता' ही जोडीही अशीच दाखवता येते. वीस वेळा शब्द लिहून काढण्याची शिक्षा मात्र बहुधा चुकीचेच रूप पक्के करते.

सोलापुरातील बहुभाषिक संदर्भ

सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू व दख्खनी बोलणारी कुटुंबे आहेत. पद्मशाली विणकर समाजात तेलुगू, तर अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड ही अनेकांची घरची भाषा आहे. तेलुगू व कन्नडच्या बोलीरूपांत महाप्राण ध्वनी बरेचदा अल्पप्राण होतात. म्हणून अशा मुलाने 'ख' ऐवजी 'क' लिहिल्यास तो घरच्या भाषेचा परिणाम असू शकतो. उलट, 'घरी मराठी नाही' एवढ्यावरच समाधान मानले, तर खरा डिस्लेक्सिया वर्षानुवर्षे लपून राहतो. दोन्ही चुका मुलाला महागात पडतात. अडचण घरच्या भाषेतील ध्वनींच्या खेळांतही, म्हणजे यमक किंवा आद्यध्वनी ओळखण्यातही, दिसते का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. उर्दू माध्यमातील मुलाला उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्या पेलाव्या लागतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये सादर केलेल्या 'डाली' या चाचणीसंचात सुरुवातीपासून हिंदी व इंग्रजीसोबत मराठी व कन्नडचाही समावेश होता.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणून कविता व धडे ऐकण्याची सोय करणे हे त्यांचे प्रमुख कार्य. ते डिस्लेक्सियासाठी योजलेले नव्हते. तरीही डोळ्यांपेक्षा कानाने लवकर शिकणाऱ्या मुलाला इतिहास वा विज्ञानात मागे न पडण्यासाठी अशा सोयीचा उपयोग होतो.

सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी चाळणी आणि 14 व 18 व्या वर्षी पुनर्प्रमाणन अपेक्षित होते. प्राधिकृत शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष आणि एका भाषेतून सूट अशा सवलती महाराष्ट्रात मिळत आल्या आहेत. अनेक पालक दहावीच्या उंबरठ्यावर प्रमाणपत्रासाठी धावतात. तोवर उपचारात्मक अध्यापनाची सर्वांत फलदायी वर्षे उलटून गेलेली असतात.